बठ्ठं आपलंच शे

टीव्हीसमोर बसले की नाना रिमोट धरलेला हात खांद्यापासून सरळ ताठ करायचे, एक डोळा बारीक करायचे आणि पडद्यावरचं गोल फिरणारं चिन्ह थांबेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत. "थांब," ते म्हणायचे, "शोधी राह्यनं." टीव्हीखालची काळी अँड्रॉइड पेटी स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या पेटीला शोधत असायची. त्या दुसऱ्या पेटीत दोन हार्डडिस्क होत्या, आणि तिच्यात जे ठेवलं ते घरातल्या कुठल्याही टीव्हीवर वायरशिवाय दिसायचं. ती सापडली की नाना असे खूश व्हायचे, जसं काही हरवलेली गाय आपल्या पायांनी गोठ्यात आली. मग हात खाली यायचा आणि चहाची आठवण व्हायची. चहा मात्र अर्धाच कप मिळायचा, कारण डिस्क सोडली तर बाकी सगळ्या गोष्टींत नाना चिकट होते.

आम्ही दोघे दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला होतो. ते टर्बाइनकडे, मी स्टोअरमध्ये. निवृत्त झाल्यावर भुसावळला एकाच गल्लीत घरं घेतली. नाना मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातलं 'आहे'च्या जागचं अहिराणी 'शे' कधी गेलं नाही. इकडची पोरं त्यांना मुद्दाम विचारायची, "नाना, काय शे?" नाना शांतपणे सांगायचे, "बठ्ठं बराबर शे," म्हणजे सगळं ठीक. चिडवणाऱ्याची मजाच निघून जायची.

त्यांना कॉम्प्युटरमधलं फार कळत होतं असं मुळीच नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि जळगावच्या एका दुकानदाराला फोन करकरून ते शिकले होते. त्यातलं निम्मं चुकीचं शिकले होते, पण आत्मविश्वास पूर्ण होता. उन्हाळ्यात स्वयंपाकघरातली ती पेटी तापू नये म्हणून डाळ-तांदळाच्या डब्यांच्या फळीवर ठेवलेली आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन तिच्याकडे तोंड करून लावलेला. भुसावळचा मे महिना तुम्ही काढला असेल तर या त्यागाची किंमत तुम्हाला कळेल. आलेला माणूस घामाने निथळत बसायचा आणि पेटी वारा खायची. कुणी कुरकुर केली की नाना म्हणायचे, "तुले घाम येस, मरत नही ना तू?"

हे सगळं कशासाठी, ते आता सांगतो. अक्कासाठी. अक्का म्हणजे नानांची बायको, सगळ्या गल्लीची अक्का. त्यांच्याकडे श्रावणात कानबाई, ही धुळ्याकडची देवी, बसायची. इकडे आमच्यात ती नाही, त्यामुळे आम्ही सगळे पाहायला जायचो, आणि पाहण्यापेक्षा ऐकायला. अक्का गाणी म्हणायची. तिच्या सासूची, आजेसासूची, कुठे लिहिलेली नाहीत अशी अहिराणीतली गाणी. नाना दरवर्षी मोबाइल उभा धरून ते सगळं टिपायचे. मग अक्काच्या घशात गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. कमी झाला असं नाही, गेलाच. घरी आली तेव्हा ती बोटांनी आणि भुवयांनी बोलायला लागली होती.

नानांनी ती पेटी आणली ती त्यानंतर. मोबाइलमधलं सगळं तिच्यात उतरवलं, 'अक्का' नावाचं फोल्डर केलं आणि मोबाइल रिकामा केला. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की अक्का पाटावर न बसता खुर्चीवर बसायची, नाना हात ताठ करायचे, आणि टीव्हीतून अक्काचा आवाज यायचा. अक्का स्वतःचंच गाणं ऐकायची आणि ओठ हलवायची. ओठांतून काही निघत नसे, पण आवाज तर खोलीत असायचा. दारातून पाहणाऱ्याला वाटावं, बाईच गातेय. नाना टीव्हीकडे पाहतच नसत, तिच्या ओठांकडे पाहत. असा नवरा मी दुसरा पाहिला नाही. माझी बायको हे मला वर्षभर ऐकवत होती.

आता एवढ्यावर थांबले असते तर नाना कसले. त्यांनी छतावरून वायरी टाकल्या, पाण्याच्या टाक्यांना बांधल्या, आणि आपली वायफाय जोडणी गल्लीतल्या घराघरांत नेली. सगळ्यांनी टीव्हीखाली तसल्याच काळ्या पेट्या आणल्या. नाना स्वतः प्रत्येक घरी जाऊन, रिमोटचे बाण दाबत, एकेक आकडा शोधत, आपल्या पेटीचा पत्ता भरून द्यायचे. मग कुणी त्यात लग्नाचं शूटिंग ठेवलं, कुणी पोरांचं गॅदरिंग, आणि सगळ्यांनी मिळून सिनेमे. लाइट गेली आणि आली की पेटीला कधी कधी नवाच पत्ता मिळायचा, आणि सगळ्या घरांतून एकदम बोंब उठायची, "नाना, आमचं सगळं गेलं." नाना चपला अडकवून निघायचे. "जात नही कोठे. पत्ता बदलना फक्त." सगळी गल्ली फिरून, सगळ्यांचं सगळं परत आणून, घामाघूम होऊन घरी यायचे. त्या दिवशी त्यांची मान ताठ असायची.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली होती. स्टोअरमध्ये आयुष्य गेलं माझं, कोणाच्या हातात कशाची किल्ली द्यायची एवढं मला कळतं. त्या पेटीत दोन तऱ्हा होत्या. एकीत माणूस नुसतं पाहू शकतो, दुसरीत ठेवू शकतो, बदलू शकतो, पुसूही शकतो. नुसतं पाहणाऱ्याला ती पेटी पाहुणा म्हणायची. मी म्हटलं, "नाना, सगळ्यांना पाहुणा करा. मालक तुम्ही एकटे राहा." नानांना ते लागलं. "आपली गल्लीमा पाव्हना कोन शे? घरमा बलावनं नि ताट नुसतं दखाडनं, हाई बरं शे का?" आणि सगळ्या घरांत एकच नाव, एकच पासवर्ड, मालकाचे सगळे हक्क. वर म्हणाले, "बठ्ठं आपलंच शे."

कानबाईच्या नैवेद्याचा रोट ते बाहेरच्याला देत नाहीत. तो फक्त भाऊबंदांनी खायचा असतो, ही त्यांच्याकडची रीत आहे, आणि नाना ती कडक पाळायचे. आम्ही वर्षानुवर्षं पुरणपोळी खाऊन परतायचो, रोटाचा तुकडा कधी पाहिला नाही. पण पेटीच्या बाबतीत या माणसाने सगळ्या गल्लीला भाऊबंद केलं. मी आणखी एकदा म्हटलं, निदान अक्काच्या फोल्डरची दुसरी प्रत करून ठेवा. त्यावर त्यांनी मला दोन बोटं दाखवली. "दोन डिस्क शेत. एक गई तं दुसरी शे." हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. डिस्क बिघडली तर दुसरीवर सगळं तसंच असणार होतं. पण एकीवरचं कुणी पुसलं तर दुसरीवरचंही त्याच क्षणी पुसलं जातं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

समोरच्या घरात आबा राहतात. केळीचा व्यापार, मोठं घर, गल्लीत शब्दाला वजन. अधिक महिन्यात त्यांची मुलगी आणि जावई आले. धोंड्याचं जेवण, चांदीचं निरांजन, अनारसे, सगळा थाट. जावई पुण्याचा, कसल्याशा कंपनीत, चारचौघांत बसला तरी मोबाइलमध्ये बसलेला. त्याला दुपारी कंटाळा आला. पेनड्राइव्हवर कुठली तरी मालिका आणली होती, ती त्याने आबांच्या टीव्हीवरून नानांच्या पेटीत ठेवायला घेतली. जागा शिल्लक नाही असं पडद्यावर आलं. येणारच, गल्लीने सिनेमे कोंबून ठेवले होते आणि पाहून झालेला सिनेमा काढायचे कष्ट एकानेही कधी घेतले नव्हते. जावयाने यादी पाहिली. सिनेमे कामाचे वाटले. एका फोल्डरमध्ये बिनचित्राच्या, नुसत्या आकड्यांच्या नावांच्या फाइली होत्या. एक उघडून पाहिली असं तो नंतर म्हणाला. "कुठल्यातरी बायका गाणी म्हणत होत्या." रिमोटचं बटण दाबून धरलं, पुसू का म्हणून पेटीने विचारलं, त्याने हो म्हटलं.

संध्याकाळी मी तिथेच होतो. दिवाबत्ती झाली, अक्का खुर्चीवर बसली, नानांनी हात ताठ केला. यादी आली. त्यांनी ती खालपर्यंत नेली, वर आणली, परत खाली नेली. अक्काने भुवया उंचावल्या. "पत्ता बदलना," नाना म्हणाले. पण पत्ता बदलला असता तर काहीच दिसलं नसतं, आणि बाकी सगळं जागच्या जागी दिसत होतं. हे मला कळत होतं, नानांनाही कळत होतं. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि पंख्यासमोर उभे राहिले. मी मागे गेलो तेव्हा त्यांनी दोन्ही हात फळीवर टेकले होते.

कुणी केलं हे लपून राहिलं नाही, कारण जावयाने स्वतःच हसत सांगितलं. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही, म्हणून लपवण्यासारखंही वाटलं नाही. नानांनी जळगावच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. पण त्याच्या जागेवर दुसरं काही भरलं की संपलं. पेटी आत्ता बंद करा आणि सोमवारी तशीच माझ्याकडे आणा. मधे कुणाला हात लावू देऊ नका." तो शनिवार होता. नानांनी पेटीची पिन काढली, ती साडीच्या घडीत गुंडाळली आणि कपाटात ठेवली. पंखा पहिल्यांदाच माणसांकडे वळला.

रविवारी सकाळी आबा आले. बरोबर गल्लीतले आणखी तिघे. आबा आवाज चढवत नाहीत, ते त्यांचं भांडवल आहे. "नाना, झालं ते वाईट झालं. पण जावई घरात आहेत. तुम्ही पेटी काढून ठेवली तर त्यांना वाटून राह्यलं, आपल्यावर आळ आला. सकाळपासून चहा नाही घेतला त्यांनी. जेवणार नाही म्हणतात, बॅग भरून बसले. पेटी चालू करजा. चार दिवसांनी ते गेले की तुम्ही न्या जळगावला."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, उद्या सोमवार आहे. एक दिवस त्यांना मालिका नाही दिसली तर काय बिघडतं?"

"मालिकेचं नाही हो. मानाचं आहे," आबा म्हणाले. "तुम्ही मधात नका पडू."

बाकीचे तिघे मान हलवत होते. त्यातल्या दोघांच्या घरी लाइट गेल्यावर नाना किती वेळा पळाले असतील याची मोजदाद नाही. एकाने तर अक्काच्या खुर्चीशेजारी बसून नानांना समजावलं की माणूस महत्त्वाचा, वस्तू नाही. अक्का ऐकत होती. तिला बोलता येत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं, हे त्या गृहस्थाच्या लक्षात राहिलं नाही. नाना जमिनीकडे पाहत होते.

मग आबांची मुलगी आली. हातात अनारशांची बशी, पदराखाली झाकलेली. ही मुलगी आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. बशी पुढे केली आणि म्हणाली, "नाना, ते म्हणतात की मीच तुमचे कान भरले म्हणून तुम्ही पेटी काढून ठेवली. मला घेऊन आज निघतो म्हणतात. परत माहेरी पाठवणार नाही म्हणतात." एवढंच बोलली. डोळे सुजलेले होते.

नाना उठले. कपाट उघडलं, साडीची घडी सोडली. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "नाना, दुकानदाराने काय सांगितलंय?" त्यांनी माझा हात बाजूला केला, झटकून नाही, सावकाश. "मनी पोर बी दुसराना घर देयेल शे, भाऊ." त्यांचीही लेक धुळ्याला दिलेली होती. मग त्यांनी पेटी फळीवर ठेवून पिन लावली. मागे वळून अक्काकडे पाहायची त्यांची छाती झाली नाही.

जावई जेवला. ताटाभोवती रांगोळी होती म्हणतात. दुपारी त्याने मालिकेचे उरलेले भाग भरले, आणि पेटी सुरू झालीच आहे म्हटल्यावर, जागाही झालीच आहे म्हटल्यावर, आणखी दोन घरांनी आपापले सिनेमे भरून घेतले. पोट भरलं असेल त्यांचं.

सोमवारी मी नानांबरोबर जळगावला गेलो. दुकानदाराने पेटी जोडली, बराच वेळ कसलंसं यंत्र फिरवलं. फाइलींची नावं परत आली. सगळीच्या सगळी, जशीच्या तशी. नाना खुर्चीच्या टोकाला आले. दुकानदाराने पहिली उघडली. पडद्यावर हाणामारी सुरू झाली, कुणीतरी काचेतून बाहेर फेकला गेला. दुसरी उघडली, नुसते रंगीत चौकोन. तिसरी उघडलीच नाही. दुकानदार भला माणूस होता, त्याने हळूच विचारलं, "मधे चालू केली होती का?" नाना म्हणाले, "नही." खोटं बोलले. परक्या माणसापुढेसुद्धा त्यांनी गल्लीचं नाव सांभाळलं. मला त्या वेळी त्यांचा राग आला आणि आजही त्या एका शब्दाचा राग जात नाही.

त्यांनी मग नातेवाइकांना फोन लावले. धुळे, शिरपूर, साक्री, जिथे जिथे कानबाईला कुणी आलं असेल तिथे. एका भाच्याकडे थोडंसं सापडलं. त्यात अक्का गाताना स्पष्ट दिसत होती, पण मिरवणुकीतला बँड इतका जवळ होता की दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी अक्का खुर्चीवर येऊन बसायची. सवय होती. नाना हात ताठ करून "शोधी राह्यनं" म्हणायचे, तिच्याकडे न पाहता. यादी वर न्यायची, खाली न्यायची. आज नेटवर्क नही, म्हणायचे. उद्या बघू. असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी अक्काने त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला, पदराने पुसला आणि टीव्हीच्या मागे ठेवून दिला. त्यानंतर ती टीव्हीसमोर बसली नाही. देवाजवळ भिंतीकडे तोंड करून बसायची. ओठ हलायचे थांबले होते.

पुढे त्यांची मुलगी आली आणि दोघांना धुळ्याला घेऊन गेली. पेटी गेली, छतावरच्या वायरी लोंबकळत राहिल्या. गल्लीत दोन दिवस हळहळ झाली, ती कशाची ते ऐका. "आधी सांगायचं तरी ना," एकजण मला म्हणाले. "आमच्या पोराच्या लग्नाचं शूटिंग होतं त्यात." नानांनी जायच्या आधी ते शूटिंग पेनड्राइव्हवर घालून त्यांच्या सुनेच्या हातात दिलं होतं. प्रत्येक घराचं प्रत्येकाला दिलं होतं. सुनेने ते कुठे ठेवलं, तिला आठवत नव्हतं.

अक्का धुळ्यातच वारली. निरोप आला तसे आम्ही गल्लीतले पाचसहा जण गाडी करून भेटायला गेलो. गाडी आबांचीच होती. नाना सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता, त्यावर चादर टाकलेली. नानाच बोलले. माझ्याकडे पाहून, अगदी साध्या आवाजात, कामाचं काही विचारावं तसं.

"भाऊ, तिना आवाज कसा व्हता?"

मला वाटलं शोकात बोलताहेत. पण ते उत्तराची वाट पाहत होते. "शब्द बठ्ठा याद शेत," ते म्हणाले. "गाना म्हनाले बसनू तं पुरं म्हनी जास मी. पन तिना आवाज येत नही. येस तो मना सोतानाच येस. तू सांग."

मी ऐकायचा प्रयत्न केला. खरंच, तिथे बसून, डोळे मिटून. कानबाईचा मांडव दिसला, बायका दिसल्या, अक्काच्या कपाळावरचा घाम दिसला. आवाज नव्हता.

"गोड होता हो," शेजारून आबा म्हणाले. "फार गोड होता."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. "गोड नवता," ते म्हणाले. "एवढं याद शे."

तेवढ्यात आबांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं, लगबगीने उठले आणि दाराकडे जाता जाता हळू आवाजात म्हणाले, "बोला, जावईबापू. नाही नाही, काही कामात नाही. बोला ना." नाना आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि आम्ही सगळे सतरंजीकडे.